चौकशीचा मेल कुठे अडतो?

बोईसरच्या एमआयडीसीत, म्हणजे तारापूर औद्योगिक क्षेत्रात, रसायनं, औषधं, पोलाद, कापड अशा मालाचे कारखाने आहेत. त्यातल्या एखाद्या लहान कारखान्याच्या वेबसाइटवर वापीचा किंवा भिवंडीचा खरेदीदार चौकशीचा फॉर्म भरतो. पडद्यावर ‘धन्यवाद’ उमटतं, पण कारखान्याला मेल मिळतच नाही. खरेदीदार दोन दिवस वाट पाहतो आणि कोटेशन दुसरीकडून मागवतो. लहान उद्योगाला हे फार महाग पडतं, आणि याचं मूळ बहुतेक वेळा ठरावीक समजुतींत असतं.

पहिली समजूत : ‘एरर आली नाही, म्हणजे मेल पोचला.’ पीएचपीमेलर असो, नोडमेलर असो की जँगोचं मेलचं फंक्शन, मेल पाठवणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, मजकूर पुढच्या सर्व्हरच्या हवाली करते आणि तिथे तिचं काम संपतं. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीच्या, नियमांनुसार तो सर्व्हर ‘२५०’ असं उत्तर देतो. त्याचा अर्थ ‘घेतला’ एवढाच. पुढे मेल स्पॅममध्ये पडू शकतो किंवा ‘५५०’ असा नकार घेऊन परतू शकतो. परतलेला मेल ज्या पत्त्यावर येतो, तो पत्ता कुणीही उघडत नसेल, तर नकार कळणार कुणाला?

सर्वांत जास्त घोळ मात्र ‘फ्रॉम’च्या रकान्यात होतो. ‘चौकशी ग्राहकानं केली, तेव्हा फ्रॉममध्ये त्याचाच पत्ता हवा, म्हणजे थेट उत्तर देता येईल,’ असं मानून अनेक जण कोड तसाच लिहितात. मेलला दोन पत्ते असतात : पाकिटावरचा पाठवणारा आणि आतल्या पत्राच्या माथ्यावरचा. एसपीएफ ही नोंद पाकिटावरच्या डोमेनच्या नावानं मेल पाठवण्याची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे, ते सांगते. डीकेआयएम मजकुरावर डोमेनची डिजिटल सही करतं. डीमार्क या दोन्हींपैकी एकाचा तरी मेळ माथ्यावरच्या, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणाऱ्या नावाशी बसतो का, ते पाहतं. ग्राहकाचा पत्ता याहूचा आणि मेल सुटतो तुमच्या होस्टिंगवरून. मग मेळ बसणार कसा? याहूनं तर एप्रिल २०१४ पासून असे मेल सरळ नाकारायला सांगितलं आहे. त्यामुळे फ्रॉममध्ये आपल्याच डोमेनचा पत्ता ठेवावा आणि ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घालावा. उत्तर तरीही ग्राहकालाच जातं.

‘एसपीएफ वगैरे मोठ्या कंपन्यांसाठी, आमचे दिवसाला दहा मेल,’ हेही बरोबर नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं त्याच्याकडे मेल पाठवणाऱ्या सर्वांनाच एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी सक्तीचं केलं. दिवसाला ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही लागतात, शिवाय डीमार्कही. या नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, करायच्या असतात. त्यासाठी लायब्ररी बदलून काही होत नाही.

मेल जीमेलच्या खात्यातून सोडण्यासाठी कोडमध्ये त्याचा नेहमीचा पासवर्ड घालण्याचा मार्ग गूगलनं वैयक्तिक खात्यांसाठी मे २०२२ च्या अखेरीस बंद केला. आता टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड घ्यावा लागतो. मेल सर्व्हरला सुपूर्द करण्यासाठी पोर्ट ५८७ किंवा ४६५ वापरावा. २५ हा सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीचा, आणि अनेक क्लाउड कंपन्या तो बाहेर जाण्यासाठी बंदच ठेवतात.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ ही समजूत मला सर्वांत धोक्याची वाटते. डिसेंबर २०१६ मध्ये पीएचपीमेलरमध्ये मोठी त्रुटी उघड झाली. फॉर्ममधला पत्ता पाठवणाऱ्याचा म्हणून वापरला जात असेल, तर त्यात मुद्दाम रचलेला मजकूर भरून हल्लेखोराला सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येत होता. ५.२.१८ मधली दुरुस्ती अपुरी ठरली आणि लगोलग ५.२.२० काढावी लागली. वेबसाइट जुनी असेल, तर करून देणाऱ्याला लायब्ररीची आवृत्ती आजच विचारा.

सोबत आणखी एक काम सांगा. फॉर्म भरताच चौकशी आधी डेटाबेसमध्ये नोंदली जावी, त्यानंतर मेल सुटावा. मेल अडला, तरी खरेदीदाराचं नाव, फोन आणि हवा असलेला माल कारखान्याच्या हाती राहतो, आणि त्याला त्याच दिवशी फोन करता येतो.