वणव्याची वर्दी आणि दुसरे वर्ष

फाल्गुनात पानगळ होते, मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो, आणि मेळघाटासारख्या शुष्क पानझडी रानांत वणव्याचे दिवस सुरू होतात. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारे आगीची वर्दी देत आली आहे. तथापि हे उपग्रह माथ्यावर येतात ते ठरावीक वेळीच. मधल्या तासांत आग डोंगर चढून जाते. ही उणीव झाडांवर बसविलेले बिनतारी संवेदक भरून काढू शकतात. उष्णता, आर्द्रता व कार्बन मोनॉक्साइड मोजून ते एकमेकांमार्फत ठाण्याला निरोप धाडतात. पाचोळा नुसता धुमसत असतानाच वर्दी मिळू शकते.

येथवर सारे ठीक. खरा प्रश्न दुसऱ्या वर्षाचा आहे. बॅटरी उतरते, सौर पॅनेलवर धूळ बसते, पावसाळ्यात डबीत ओल शिरते. माकडे तर काही अंदाजपत्रक वाचत नाहीत. मधला एखादा दुवा निखळला की पलीकडचे संवेदक मुके होतात. आणि ही शांतता फसवी असते. आग नाही म्हणून यंत्र गप्प आहे, की बंद पडले म्हणून? यास्तव प्रत्येक संवेदकाने ठरावीक वेळाने आपण चालू असल्याचे कळविले पाहिजे, आणि तसे न कळल्यास कोणीतरी रानात चालत गेले पाहिजे.

हा ‘कोणीतरी’ म्हणजे जाळरेषा साफ करणारा स्थानिक मजूर. यंत्रखरेदी भांडवली खर्चात सहज बसते. त्याची मजुरी मात्र आवर्ती खर्चात मोडते, आणि काटकसरीची कात्री प्रथम तेथेच चालते. त्याच्या शिक्षणाची व वेतनाची तरतूद खरेदीच्या प्रस्तावातच हवी. अन्यथा उन्हाळ्यापूर्वी वनखाते स्वतःच जाळीत असलेल्या जाळरेषांचीही वर्दी येत राहील, आणि ती ओळखणारा माणूस कामावर नसेल.