नैसर्गिक आदानाचे उच्च क्षमता एंजिन

ज्या अंतर्ज्वलन-एंजिनात दट्ट्या खाली सरकताना निर्माण होणाऱ्या निर्वातामुळे वातावरणातील हवा केवळ वातावरणाच्या दाबानेच सिलिंडरमध्ये शिरते, हवा दाबून भरण्यासाठी अतिभारक किंवा टर्बोभारक वापरलेला नसतो, त्यास नैसर्गिक आदानाचे एंजिन म्हणतात. अशा एंजिनाची घनक्षमता न वाढविता किंवा अल्प प्रमाणात वाढवून त्यापासून जास्तीत जास्त शक्ती मिळविणे, आणि तेच एंजिन रस्त्यावर तसेच शर्यतीच्या मार्गावर टिकेल असे बांधणे, ही मोटार अभियांत्रिकीतील एक स्वतंत्र शाखा आहे.

तत्त्व : चार धावांच्या एंजिनाची शक्ती तीन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते : सिलिंडरांचे एकूण घनफळ, दट्ट्यावरील सरासरी परिणामी दाब आणि भुजादंडाची दर मिनिटाची फेरेसंख्या. घनफळ ठरलेले असेल, तर दाब व फेरे हे दोनच मार्ग उरतात. महाराष्ट्रात तयार झालेल्या दोन एंजिनांच्या तुलनेने हे स्पष्ट होते. मुंबईत कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट ११०० या मूळ आराखड्यावरून तयार केलेली व १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेलेली मोटारगाडी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत २०२३ पर्यंत धावत होती. तिच्या १,०८९ घ. सेंमी. एंजिनाचा व्यास ६८ मिमी. व धाव ७५ मिमी. असून त्याची शक्ती दर मिनिटास ४,८०० फेऱ्यांना सु. ४० अश्वशक्ती होती. पुण्याजवळील चाकण येथे बजाज ऑटोच्या कारखान्यात २०१३ पासून तयार झालेल्या केटीएम ३९० ड्यूक या मोटारसायकलीचे एंजिन ३७३.२ घ. सेंमी. एकसिलिंडरी (व्यास ८९ मिमी., धाव ६० मिमी.) असून त्याने ९,५०० फेऱ्यांना सु. ४३.५ अश्वशक्ती दिली. म्हणजे घनफळ जवळजवळ एक-तृतीयांश असूनही शक्ती किंचित जास्तच. दर लिटरमागे पाहिल्यास पहिल्याची शक्ती सु. २७ किवॉ. व दुसऱ्याची सु. ८६ किवॉ. आहे. या सुमारे तिपटीपैकी दुप्पट वाढ फेऱ्यांमुळे व उरलेली सु. १.६ पट वाढ सरासरी दाबामुळे झालेली आहे. यांत टर्बोभारकाचा कोणताही वाटा नाही.

दाब वाढविणे : सरासरी दाब वाढविण्यासाठी सिलिंडरात अधिक हवा भरावी लागते व त्या हवेत जळणाऱ्या इंधनापासून अधिक काम काढावे लागते. दुसऱ्या गोष्टीसाठी संपीडन गुणोत्तर वाढवितात. आदर्श ऑटो चक्रात हे गुणोत्तर ७.५ असल्यास कार्यक्षमता सु. ५५ टक्के व १२.५ असल्यास सु. ६४ टक्के येते. प्रत्यक्ष एंजिनात आकडे बरेच कमी असले, तरी वाढीचे प्रमाण साधारणतः असेच राहते. मात्र गुणोत्तर वाढले की ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा शेवटचा भाग आपोआप पेट घेतो व धातूवर हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. यास ठोका बसणे किंवा नॉकिंग म्हणतात. काही मिनिटे सतत ठोके बसल्यास दट्ट्याच्या माथ्याला भोक पडू शकते. ते टाळण्यासाठी ज्वलनकक्ष आटोपशीर ठेवणे, ठिणगी योग्य वेळी पाडणे, शीतन सुधारणे आणि पुरेशा ऑक्टेन अंकाचे पेट्रोल वापरणे हे उपाय आहेत.

अधिक हवा भरण्याचे काम मुख्यतः सिलिंडर शीर्षात होते. प्रत्येक सिलिंडरला दोनऐवजी चार झडपा ठेवल्यास त्याच व्यासात झडपांचे एकूण क्षेत्रफळ वाढते व ठिणगी गुडदी मध्यभागी बसविता येते. आदान मार्ग शक्य तितका सरळ करतात. तो केवळ मोठा करणे हितावह नसते, कारण मार्ग रुंद झाला की हवेचा वेग घटतो व कमी फेऱ्यांना एंजिन दुबळे होते. आदान झडप दट्ट्या तळाला पोहोचल्यानंतरही काही अंश उघडी ठेवतात, त्यामुळे वेगाने येणाऱ्या हवेचे जडत्व भरणीस मदत करते. आदान व निष्कास नळ्यांची लांबी अशी ठरवितात की, नळीतून परतणारी दाबतरंग झडप बंद होण्याच्या नेमक्या वेळी पोहोचावी. हा लाभ फेऱ्यांच्या ठराविक पट्ट्यातच मिळतो. म्हणून शर्यतीच्या कॅमदंडाचे एंजिन वरच्या फेऱ्यांना जोमदार, पण शहरातील गर्दीत मंद गतीला अडखळणारे असते. रस्ता व शर्यत या दोन्ही उपयोगांसाठी कॅमदंड निवडताना एका टोकाचा काही लाभ सोडावाच लागतो.

फेरे वाढविणे : फेरे दुप्पट केले की ये-जा करणाऱ्या भागांवरील जडत्वबल चौपट होते. ३९० ड्यूकच्या एंजिनात ९,५०० फेऱ्यांना दट्ट्याची सरासरी गती सेकंदास १९ मी. होते. पद्मिनीच्या एंजिनात ४,८०० फेऱ्यांना ती १२ मी. होती. धाव कमी व व्यास जास्त ठेवण्यामागे हेच कारण आहे. या गतीला माथ्याजवळ दट्ट्याचे प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. ३,८०० पट असते. ये-जा करणाऱ्या भागांचे वस्तुमान ३०० ग्रॅ. धरल्यास संयोगदांड्यावर प्रत्येक फेऱ्यात सु. १.१ टन वजनाइतका ताण येतो. म्हणून घडाई केलेले दट्टे, हलके परंतु मजबूत संयोगदांडे व त्यांचे उच्च प्रतीचे बोल्ट ही उच्च क्षमता एंजिनाची पहिली गरज ठरते. शक्ती वाढविण्यापूर्वी तळाचा भाग सुदृढ करावा, हा नियम मोडल्यामुळे अनेक एंजिने फुटतात. झडपांच्या स्प्रिंगांनाही मर्यादा असते. त्या पुरेशा ताठ नसतील, तर झडप कॅमच्या मागोमाग न जाता तरंगते व दट्ट्यावर आदळते.

बांधणी : प्रथम सिलिंडरांचा व्यास, गोलाई व निमुळतेपणा सूक्ष्ममापकाने तपासतात. सर्व दट्टे व संयोगदांडे समान वजनाचे करतात व भुजादंडाचे संतुलन साधतात. घडाई केलेला दट्ट्या तापल्यावर ओतीव दट्ट्यापेक्षा साधारणतः जास्त प्रसरण पावतो, म्हणून त्याला थोडी अधिक मोकळीक देतात. जुळणी झाल्यावर झडपा व दट्टे यांतील अंतर प्रत्यक्ष मोजतात. शर्यतीच्या वळणांवर तेल टाकीच्या एका बाजूस सरकते व पंप हवा ओढू लागतो. तेवढ्या क्षणात धारवे जळू शकतात, म्हणून टाकीत आडपडदे बसवितात. अखेरीस शक्तिमापकावर एंजिन चालवून इंधनाचे प्रमाण व ठिणगीची वेळ टप्प्याटप्प्याने ठरवितात.

हवामानाचा परिणाम : नैसर्गिक आदानाचे एंजिन वातावरणावर पूर्णपणे अवलंबून असते. वर्धा जिल्ह्यातील आर्वी येथे मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. शक्तिमापनासाठी आंतरराष्ट्रीय मानकात २५° से. तापमान व ९९ किलोपास्काल कोरड्या हवेचा दाब ही संदर्भ अवस्था धरलेली आहे. त्यातील सूत्रानुसार आर्वीच्या अशा दुपारी केवळ उष्णतेमुळे शक्ती सु. ४ टक्के घटते. समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवरील पुण्यात विरळ हवेमुळे सु. ५ टक्के घट होते. यापेक्षा गंभीर बाब अशी की, तप्त हवेत ठोके लवकर बसतात. पुण्याच्या हिवाळ्यात निर्धोक ठरविलेली ठिणगीची वेळ विदर्भाच्या उन्हाळ्यात घातक ठरू शकते. त्यामुळे हवा एंजिनकक्षातील उष्ण भागातून न घेता बाहेरून घेणे आणि ठिणगीच्या वेळेत राखीव अंतर ठेवणे आवश्यक असते.

इंधनाचाही विचार करावा लागतो. २० टक्के एथेनॉलयुक्त पेट्रोलाचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने ते उच्च संपीडनास अनुकूल आहे. मात्र पूर्ण ज्वलनासाठी त्याला एका भागास सु. १३.५ भाग हवा लागते, तर शुद्ध पेट्रोलाला १४.७ भाग. कार्ब्युरेटर आपोआप जुळवून घेत नसल्याने जुन्या एंजिनात मिश्रण ७-८ टक्के विरल होते व तापमान वाढते. म्हणून जेट मोठे करावे लागतात व रबरी नळ्या एथेनॉलास टिकणाऱ्या घालाव्या लागतात.

भारतातील उपयोग : मद्रासजवळील शोलावरम येथील जुन्या धावपट्टीवर अनेक वर्षे शर्यती झाल्या व त्यांत फियाट ११०० च्या सुधारित गाड्या धावल्या. १९९० पासून इरुंगट्टुकोट्टई येथील मार्ग उपलब्ध झाला. अलीकडच्या काळात अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी स्वतः बांधलेल्या लहान शर्यतगाड्यांत ३९० ड्यूकचे एंजिन वारंवार वापरतात. या स्पर्धांत पेट्रोल एंजिनाची सर्व हवा २० मिमी. व्यासाच्या कंठातून घ्यावी लागते. त्यातून सेकंदास सु. ०.०७ किग्रॅ.पेक्षा जास्त हवा जाऊ शकत नाही. या एंजिनाला ९,५०० फेऱ्यांना सरासरी सु. ०.०३५ किग्रॅ. हवा पुरते. परंतु एकच सिलिंडर हवा झटक्याझटक्याने ओढीत असल्याने कंठापुढे पुरेशी मोठी हवाकोठी ठेवावी लागते.

मर्यादा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, काही अपवाद वगळता, निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलाहून वाहन भिन्न होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही. उत्प्रेरक परिवर्तक काढल्यास निष्कासातील विषारी वायू अनेक पटींनी वाढतात. शक्ती वाढवून रोधक, टायर व निलंबन मूळचेच ठेवल्यास धोका चालकापुरता राहत नाही, रस्त्यावरील पादचाऱ्यालाही पोहोचतो. यास्तव पूर्ण सुधारित एंजिन बंदिस्त मार्गापुरतेच ठेवणे आणि रस्त्यावरील गाडीत मूळ एंजिन अचूक मापांनी, संतुलित व सुस्थितीत बांधणे हाच विवेकी मार्ग आहे. नीट जुळविलेले साधे एंजिनही निष्काळजीपणे सुधारलेल्या एंजिनापेक्षा दीर्घकाळ व अधिक भरवशाने शक्ती देते.