क्रूसाकडे निघालेला येशू
गुड फ्रायडेला चर्चमध्ये येशूच्या मरणाचे स्मरण होते. हे मरण त्याच्यावर अचानक ओढवले, असे अनेकांना वाटते. बायबलमधली शुभवर्तमाने मात्र वेगळे सांगतात.

आपल्याला यरुशलेमेत मारले जाईल, हे येशूने शिष्यांना किमान तीनदा सांगितले होते. त्यांच्यापैकी पेत्राने अडवले, तेव्हा येशूने त्यालाच कडक शब्दांत फटकारले. गेथशेमाने बागेत येशूचा जीव कासावीस झाला. हा दुःखाचा प्याला टळावा, अशी प्रार्थनाही त्याने केली. पण शेवटी पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली. शिपाई धरायला आले, तेव्हा पेत्राने उपसलेली तलवार त्याने म्यानात घालायला लावली. क्रूसावर खिळल्यावरही त्याने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली.

पापाची शिक्षा निर्दोष येशूने स्वतःवर घेतली, म्हणून पाप्याला क्षमेचे दार उघडले, ही ख्रिस्ती श्रद्धा आहे. भीती वाटूनही तो मागे फिरला नाही, आणि म्हणूनच त्याच्या प्रेमावर पूर्ण विसंबता येते.