एसडीबी आज कोण, उद्या कोण?

भोपाळच्या बरखेड्यात वाढलेल्या माणसाला क्वार्टर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. हेवी इलेक्ट्रिकल्स १९५६ साली स्थापन झाली, १९७४ मध्ये भेलमध्ये विलीन झाली, आणि तिच्या नोकरीमुळे कितीतरी मराठी घरं या वसाहतीत रुजली. बढती मिळाली की क्वार्टर बदलायचं. स्टाफ नंबर मात्र रिटायर होईपर्यंत तोच. लिनक्समधल्या डिस्कच्या नावांचं मर्म नेमकं इथेच आहे.

मशीन सुरू होताना कर्नल डिस्क शोधतो आणि सापडतील तशी नावं देत जातो: एसडीए, एसडीबी, एसडीसी. या नावात डिस्कची स्वतःची खूण कसलीच नसते. यूएसबी डिस्क लावलेली राहिली, एखादी डिस्क जागी व्हायला थोडा उशीर झाला, की कालची एसडीबी आज एसडीसी. नव्या कर्नलमध्ये हा शोध समांतर चालतो, त्यामुळे काहीही न हलवता नुसत्या रीस्टार्टनेही क्रम बदलू शकतो. २००७ च्या फेडोरा ७ मध्ये तर जुन्या आयडीई डिस्कांचं एचडीए हे नाव जाऊन एसडीए आलं. हार्डवेअर होतं तिथेच होतं.

नाव बदलल्यामुळे मशीन सुरूच झालं नाही तर निदान कळतं तरी. मला खरी भीती वाटते ती बॅकअपची. रोज रात्री एसडीबी१ (एसडीबीचा पहिला विभाग) माउंट करून आरसिंक हा नक्कल करणारा प्रोग्राम चालवायचा, सोबत डिलीटचा पर्याय, असं अनेकांनी लिहून ठेवलेलं असतं. एके रात्री त्या नावावर दुसरीच डिस्क आली, तर मूळ फोल्डरमध्ये नसलेलं तिच्यावरचं सगळं आरसिंक आज्ञाधारकपणे पुसून टाकतं. घरातले जुने फोटो असे जाऊ नयेत.

उपाय डिस्कवरच लिहिलेला असतो. एक्स्ट४ फॉरमॅट करताना विभागाच्या सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडून सुपरब्लॉक लिहिला जातो आणि त्यात १०४ बाइट पुढे १६ बाइटांचा यूयूआयडी, म्हणजे त्या विभागाचा ओळख-क्रमांक, असतो. ब्लकआयडी ही आज्ञा दिली की तो ३२ अंक-अक्षरांत, डॅश घालून पाच गटांत दिसतो. काय कुठे माउंट करायचं याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये एसडीबी१ च्या जागी तो लिहिला की डिस्क कुठल्याही केबलला लावा, बरोबर ओळखली जाते. काढून-घालून वापरायच्या डिस्कच्या ओळीत नोफेल हा पर्यायही लिहावा, म्हणजे ती नसली तरी मशीन अडून बसत नाही.

२००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी सुरू केलेला यूडेव्ह या ओळखींचे दुवे डेव्ह फोल्डरमधल्या डिस्क या उपफोल्डरमध्ये आपणहून तयार ठेवतो. बाय-आयडीमध्ये मॉडेल आणि सिरीयल नंबर, म्हणजे डिस्कचा स्टाफ नंबर. बाय-पाथमध्ये ती कुठल्या पोर्टवर आहे ते, म्हणजे क्वार्टर. अख्खी डिस्क पुसायची किंवा रेडमधली बदलायची असेल, तेव्हा माझा भरवसा बाय-आयडीवर. सिरीयल नंबर डिस्कच्या लेबलावरही छापलेला असतो, हातात घेऊन ताडून पाहता येतो. यूएसबीच्या डब्यात घातलेली डिस्क मात्र कधीकधी डब्याचाच नंबर सांगते, एवढं ध्यानात असू द्यावं.



यूयूआयडीचीही एक अडचण आहे: डीडीने विभागाची हुबेहूब नक्कल केली, तर यूयूआयडीचीही नक्कल होते. मूळ विभाग माउंट असताना एक्सएफएस दुसरा घ्यायला साफ नकार देते; एक्स्ट४ तसं अडवत नाही, म्हणून तिथे धोका जास्त. नक्कल केल्याबरोबर, ती माउंट करण्याआधीच, ट्यून२एफएसने तिला नवा यूयूआयडी द्यावा. एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ॲडमिनने.