गाडीचा दिवा आणि समोरच्याचे डोळे

मंडळी, पूर्वी आपल्या शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवर रात्री बैलगाड्या चालत. गाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. त्या कंदिलाने गाडीवानाला रस्ता फारसा दिसत नसे. रस्ता बैलांना पाठ असे. मग कंदील कशासाठी? समोरून येणाऱ्याला कळावे, की इथे गाडी आहे.

आता घरोघर मोटारसायकल आली. भेंडी घेऊन पहाटे निघणारा शेतकरी, आसनगावला लोकल गाठणारा कामगार, मुरबाडच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा तरुण, सगळे अंधारातच गाडी चालवतात. रस्त्यावर कितीतरी ठिकाणी विजेचे खांब नाहीत. काळी म्हैस मध्येच बसलेली असते. खड्डा पाण्याने भरला की दिसत नाही. म्हणून लोक गाडीला जादा दिवे लावतात. त्यात चूक काही नाही. पण ते कसे लावावे, हे कळले पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. तो दुधाचा धंदा करतो. अंधार पडला होता. मोठ्या आनंदाने तो म्हणाला, "गुरुजी, गाडीला चार दिवे लावले. आता रात्रीचा दिवस होतो!"

मी म्हटले, "छान केलंस. आता तू अंगणात उभा राहा. गाडी मी धरतो."

तो समोर उभा राहिला. मी दिवे लावले. त्याने डोळ्यांवर हात घेतला. मग मी दिवे मालवले आणि म्हटले, "ये, ओटीवर चढ."

तो पायरी चाचपडू लागला. रोजची पायरी, पण त्याला ती सापडेना.

"काहीच दिसत नाही, गुरुजी."

"बाबा रे, तू उभा आहेस म्हणून ठीक. गाडीवर असतास तर?"

तो गप्प झाला. मग आम्ही कागद घेतला आणि हिशेब मांडला. तोच हिशेब तुम्हाला सांगतो.

हिशेब सोपा आहे

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. डोळे दिपले की ते पुन्हा जुळायला काही क्षण लागतात. म्हाताऱ्या माणसाला जास्तच लागतात. आपण तीन सेकंद धरू. तीन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते. म्हणजे समोरचा माणूस ३३ मीटर आंधळेपणाने येतो. आणि तो येतो आपल्याच अंगावर! दुसऱ्याचे डोळे झाकले तर धोका आपल्यालाही असतो.

आता दुसरा हिशेब. समोर म्हैस दिसली. ब्रेक दाबायला हात-पाय हलेपर्यंत एक सेकंद जातो. त्यानंतर गाडी थांबायला अंतर लागते. वेग ४० असेल, तर कोरड्या रस्त्यावर सगळे मिळून वीस-बावीस मीटर लागतात. वेग ६० असेल, तर ४० मीटर लागतात. वेग दीडपट झाला, पण थांबायचे अंतर जवळजवळ दुप्पट झाले. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते.

यातून एकच नियम निघतो. दिव्यात जेवढे दिसते, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. तेवढ्यात थांबत नसेल, तर वेग कमी करा. दिवा कितीही मोठा असो, हा नियम सुटत नाही.

आधी जुना दिवा नीट करा

जादा दिवा घेण्याआधी आहे तो दिवा तपासा. काचेवर चिखल आणि धूळ बसते. ती रोज फडक्याने पुसा. आतला आरसा काळा पडला असेल, तर तो बदला. यालाच खर्च कमी लागतो, आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

मग दिव्याचा रोख तपासा. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून ८ मीटरवर उभी करा. स्वतः गाडीवर बसा, कारण आपल्या वजनाने मागची बाजू दबते आणि दिवा वर पाहू लागतो. मागे दुधाचे कॅन किंवा भाजी नेत असाल, तर तेही लादा. दिवा जमिनीपासून जेवढ्या उंचीवर आहे, तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारा. आता डिप्पर लावा. उजेडाची वरची कड त्या रेघेच्या १० सेंटीमीटर खाली आली पाहिजे.

असे का? समजा, दिवा ७० सेंटीमीटर उंचीवर आहे. उजेड ८ मीटरांत १० सेंटीमीटर उतरतो. मग ७० सेंटीमीटर उतरायला ५६ मीटर लागतील. म्हणजे उजेड ५६ मीटरपर्यंत रस्त्यावर पडेल आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही.

काही लोक जुन्या दिव्यात जास्त वॅटचा बल्ब घालतात. तसे करू नका. ३५ वॅटच्या जागी १०० वॅटचा बल्ब घातला, तर वायर आणि होल्डर तापतात, वितळतातही. जुन्या काचेच्या बल्बसाठी घडवलेल्या आरशात स्वस्त एलईडी बसवला, तर उजेड वाटेल तसा फाकतो. आपल्याला वाटते उजेड वाढला, पण रस्त्यावर तो पडतच नाही.

जादा दिवे कुठे बसवावे

दोन दिवे पुरे. चार नकोत. ते मुख्य दिव्याच्या खाली, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर बसवावेत. उजेड रुंद आणि जमिनीलगत पडेल असे दिवे घ्यावेत. त्याने रस्त्याची कड, खड्डा आणि कडेने चालणारा माणूस दिसतो. त्यांचाही रोख भिंतीसमोर वरच्याप्रमाणेच तपासावा.

लेगगार्डला बसवलेला दिवा हँडलबरोबर वळत नाही, सरळच पाहतो. पुढच्या शॉकअपजवळ बसवलेला दिवा हँडलबरोबर वळतो. दोन्ही चालतात. मात्र हँडल पुरते डावी-उजवीकडे फिरवून पाहा. वायर ताणली जाता कामा नये.

जादा दिव्यांना वेगळा स्वीच हवा, आणि तो अंगठ्याजवळ हवा. समोरून गाडी दिसली की आधी डिप्पर आणि मग जादा दिवे बंद, ही सवयच लागली पाहिजे. समोरचा पायी चालणारा असला, तरी त्यालाही डोळे आहेत.

वायर कशी जोडावी

जादा दिव्याची वायर मुख्य दिव्याच्या वायरीला जोडू नका. त्या बारीक वायरीला तो भार सोसत नाही. बॅटरीपासून वेगळी वायर घ्या. वाट अशी असावी: बॅटरी, मग फ्यूज, मग रिले, मग दिवा.

रिले म्हणजे काय? शेतातल्या पंपाचा स्टार्टर आठवा. आपण छोटे बटण दाबतो आणि आतला मोठा जोड लागतो. रिलेही तसेच काम करतो. स्वीचमधून थोडी वीज जाते, जास्त वीज रिलेमधून दिव्याला जाते. त्यामुळे स्वीच जळत नाही. रिलेचा स्वीच गाडीच्या चावीशी जोडला, तर चावी बंद होताच दिवेही बंद होतात. चुकून रात्रभर राहत नाहीत.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. तो किती अँपिअरचा घ्यायचा? वॅटला १२ ने भागा. प्रत्येकी २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट. ४० भागिले १२ म्हणजे तीनपेक्षा थोडे जास्त. म्हणून ५ अँपिअरचा फ्यूज घ्यावा. फ्यूज उडाला, तर तिथे तार गुंडाळू नका. फ्यूज उडाला म्हणजे कुठेतरी बिघाड आहे. तो आधी शोधा. तार गुंडाळली, तर वायर पेटते, आणि वर पेट्रोलची टाकी असते.

गाडी वीज बेताचीच तयार करते. हळू चालताना तर कमीच. दिवे जास्त खाऊ लागले की बॅटरी उतरते. सगळे दिवे लावून, इंजिनाचा वेग थोडा वाढवून गॅरेजवाल्याला बॅटरी मीटरने तपासायला सांगा. १३ व्होल्टच्या वर आकडा राहिला, तर ठीक. त्याखाली उतरत गेला, तर दिवे कमी वॅटचे घ्या.

धुक्यात काय करावे

पावसाळ्यात माळशेज घाटात ढग रस्त्यावर उतरतो. कसारा घाटातही तेच. अशा वेळी अप्पर लावला, तर समोर पांढरी भिंत उभी राहते. कारण धुके म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. उजेड त्यांच्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. म्हणून धुक्यात डिप्पर आणि खाली बसवलेले, खाली पाहणारे दिवेच उपयोगी. पिवळा दिवा धुके भेदतो, असे लोक म्हणतात. तसे नाही. थेंब सगळ्याच रंगांचा उजेड सारखा उधळतात. दिव्याची जागा आणि रोख महत्त्वाचा. आणि सर्वांत महत्त्वाचा कमी वेग.

कायदा काय म्हणतो

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिव्यांविषयी लिहिले आहे. दिव्यासमोर ८ मीटरवर उभ्या माणसाचे डोळे दीड मीटर उंचीवर असले, तर ते दिपता कामा नयेत. शोधदिव्यासारखा झोताचा दिवा परवानगीशिवाय पुढे लावता येत नाही. पुढे तांबडा दिवा लावता येत नाही. म्हणून दिवे विकत घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागतो. दिवसाही आपण दुसऱ्याला दिसावे, म्हणून ही सोय केली आहे. ती स्वीच लावून बंद करू नका.

शेवटची गोष्ट पाठीमागची. मागचा तांबडा दिवा लागतो का, ते रोज पाहा. मागे तांबडी चमकणारी पट्टी लावा. पेंढ्याची ट्रॉली असेल, बैलगाडी असेल, तिलाही लावा. ही पट्टी वीज खात नाही आणि कुणाचे डोळे दिपवत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच दिवशी दोन दिवे काढले. उरलेले दोन खाली बसवले. मग आम्ही माझ्या घराच्या भिंतीवर खडूची रेघ मारून त्यांचा रोख जमवला. ती रेघ मी अजून पुसलेली नाही. शेजारपाजारची मुले गाडी घेऊन येतात आणि आपला दिवा तपासून जातात. तुमच्याही गावात एखाद्या भिंतीवर अशी रेघ मारा. खडू आणि मोजपट्टी एवढेच सामान लागते.