दोन सालं, दोन बाटल्या आणि नागपूरचा मे महिना

आजचा विषय मागच्या वेळी फळ्यावर लिहिला, तेव्हाच एका काकांनी मागून विचारलं होतं, "द्राक्षाले काय समजते का, कोनतं साल चालू हाय ते?" सभागृह हसलं, आम्हीही हसलो. पण प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. एकाच बागेतल्या, एकाच जातीच्या द्राक्षांची रेड वाइन घेतली, एक बाटली २०१३ ची आणि दुसरी २०१४ ची, तर चवीत फरक का पडावा? आणि पडला, तर तो खरंच त्या सालाचा असतो का? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे. तिथं आम्ही स्वतः कसे फसलो, तेही सांगणार आहोत.

सुरुवात आपल्या घरच्या फळापासून करू. संत्र्याचा आंबिया बहार आणि मृग बहार यांत फरक असतो, हे नागपुरात शिकवावं लागत नाही. झाड तेच, माती तीच. आंबियाला फुलं येतात जानेवारी-फेब्रुवारीत, फळ उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही अंगावर घेतं आणि दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतं. मृगाची फुलं पावसाच्या तोंडावर, फळ पिकतं थंडीत, तोडणी फेब्रुवारीपासून पुढं. एकाची चव आंबटगोड, दुसरं जास्त गोड. म्हणजे फळाला साल कळत नाही हे खरं, पण कोणत्या महिन्यात किती ऊन, किती पाणी आणि किती थंडी मिळाली, हे फळात बरोबर उतरतं. वाइनच्या बाटलीवर जे साल छापतात, इंग्रजीत ज्याला व्हिंटेज म्हणतात, ते द्राक्षांच्या तोडणीचं साल. बाटली भरल्याचं नव्हे, विक्रीला आल्याचं तर नव्हेच.

आता महाराष्ट्रातल्या द्राक्षाचं वेळापत्रक बघा, कारण ते युरोपच्या उलटं आहे. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो, द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून माणूस कात्री घेऊन त्याला वळण लावतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तीत काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी छाटणी, तिच्यानंतर घड येतात. तोडणी जानेवारीअखेर ते मार्च, उशिराच्या जाती एप्रिलपर्यंत. त्यामुळे २०१४ चा शिक्का असलेली नाशिकची वाइन त्याच शिक्क्याच्या फ्रेंच वाइनपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी असते. बहीण-भाऊ एकाच सालचे, पण एक फेब्रुवारीतला, एक सप्टेंबरातला, तसं.

यावरून काही जाणकार म्हणतात की भारतात व्हिंटेज असं काही नसतंच. द्राक्ष कोरड्या हिवाळ्यात पिकतं, पाणी ठिबकनं मोजून देता, मग सालासालात फरक कुठून येणार? आम्हाला हे म्हणणं पटत नाही. फ्रान्सच्या बोर्दोमधल्या शेतकऱ्याला तोडणीच्या वेळच्या पावसाची धास्ती, तर आपल्या शेतकऱ्याला दोन वेगळ्या धास्ती. पहिली छाटणीनंतरच्या पावसाची. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आलं, तेव्हा कोवळ्या घडांवर पाऊस पडला आणि डाऊनी नावाच्या रोगानं नाशिककडच्या बागा बसल्या. त्याचा हिशेब २०१० च्या तोडणीत द्यावा लागला. दुसरी धास्ती शेवटच्या महिन्यातली, एकदम चढणारं ऊन किंवा गारा.

आमच्या दोन बाटल्यांची सालं याच दृष्टीनं निवडलेली होती. २०१२ चा पावसाळा महाराष्ट्राच्या मोठ्या भागात अपुरा झाला आणि २०१३ हे दुष्काळाचं साल ठरलं. पाणी कमी मिळालं की मणी लहान राहतो, रसाच्या मानानं सालीचं प्रमाण वाढतं. रेड वाइनचा रंग सालीतून येतो आणि जिभेवर आवळून धरणारा तुरटपणा, म्हणजे टॅनिन, साल आणि बियांतून. टाक्यांना पाणी नाही म्हणून शेतकरी रडत असतो आणि वाइन मात्र दाट होते. क्रूर गोष्ट आहे, पण आहे.

२०१४ तुम्हाला आठवत असेल. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारपीट झाली. नाशिक, सोलापूर, मराठवाडा, आणि आपल्याकडे गहू, हरभरा, संत्रा सगळं झोडपलं गेलं. तेव्हा वेलावर असलेल्या द्राक्षाचं काय करायचं? थांबावं तर पुढची गार सगळं घेऊन जाणार. तोडावं तर साखर पुरेशी भरलेली नाही. ही साखर ब्रिक्स नावाच्या मापात मोजतात. रेड वाइनसाठी साधारण २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात, आणि २३ ब्रिक्सच्या रसातून सुमारे १३ टक्के अल्कोहोल तयार होतं. लवकर तोडलं तर साखर कमी, म्हणून अल्कोहोल कमी आणि आंबटपणा जास्त. वायनरी भाव ठरवताना साखर बघते, म्हणजे घाईनं तोडणाऱ्याच्या पदरात पैसेही कमी पडू शकतात. आमच्या बाटल्यांच्या लेबलांवर २०१४ चं अल्कोहोल २०१३ पेक्षा अर्ध्या टक्क्यानं कमी छापलेलं होतं. लेबलवरचा हा आकडा बहुतेक लोक वाचत नाहीत. वाचत जा, तो त्या सालाची चुगली करतो.

तर, डिसेंबर २०१६. आम्ही बारा जण एका स्नेह्यांच्या घरी जमलो. सगळे एकवीस पूर्ण, परवानेवाले (शेजारी वर्धा जिल्हा, तिथं तर हा कार्यक्रमच गुन्हा ठरला असता). दोन्ही बाटल्या नाशिकजवळच्या एकाच वायनरीच्या, एकाच प्रकारच्या. नाव सांगत नाही, जाहिरातही नको आणि बदनामीही नको. खरेदी नागपुरातल्याच एका दुकानातून.

चाचणीची पद्धत सोपी आहे, घरी चहापत्तीवरही करता येते. प्रत्येकासमोर तीन पेले ठेवायचे, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. 'कोणती चांगली' हे विचारायचंच नाही, आधी 'फरक आहे का' एवढंच. नुसत्या अंदाजानं तीनांतला एक जण बरोबर येतो, म्हणजे बारा जणांत चार बरोबर आले तर काहीच सिद्ध होत नाही. किमान आठ जण बरोबर आले, तर फरक खरा मानायला हरकत नाही.

आमच्या पहिल्या फेरीत अकरा जणांनी वेगळा पेला ओळखला. सगळे खूश. चवीचं वर्णनही एकमतानं झालं. २०१३ ची वाइन जळक्या मुरंब्यासारखी, मागे काकवीचा वास, वर आंबटपणा नावालाही नाही, रंग विटकरी. २०१४ ची मात्र ताजी, जांभळासारखी, थोडी पातळ पण हवीशी. एकजण वहीत लिहून मोकळे झाले, '२०१३ वाईट साल, २०१४ चांगलं.' दुष्काळानं वाइन दाट होते वगैरे आमचं भाषण तिथंच आडवं झालं.

बाटल्या आवरताना यजमानीण बाईंनी विचारलं, "हिच्या मानेला हे चिकट काय लागलंय?" २०१३ च्या बाटलीच्या बुचाखालून वाइनचा ओघळ वाळून बसला होता, आणि बूच काचेच्या कडेपेक्षा जरासं वर आलेलं होतं. म्हणजे काय झालं होतं? द्रव तापला की फुगतो, बूच वर ढकलतो, थोडी वाइन बाहेर येते. रात्री निवला की आकसतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. दुसऱ्या दिवशी दुकानात चौकशी केली. ती बाटली तिथं २०१५ आणि २०१६ असे दोन उन्हाळे उभी होती. दुकानाला एसी नाही, फळी पत्र्याखालची. २०१४ ची बाटली आली होती पावसाळ्यानंतर. तिनं नागपूरचा मे महिना पाहिलाच नव्हता.

आता हा हिशेब नीट मांडू. आपण समजत होतो की दोन बाटल्यांत एकच फरक आहे, तोडणीचं साल. प्रत्यक्षात तीन फरक होते. एक साल. दुसरं वय, कारण एक बाटली वर्षानं मोठी, आणि वर्षभरात रेड वाइनचा जांभळा रंग थोडा विटकरीकडे झुकतो, तुरटपणा थोडा मऊ होतो. तिसरा उन्हाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा शाळेतला ढोबळ नियम घ्या. तळघरात १५ अंशांना ठेवलेली बाटली आणि पत्र्याखाली ४५ अंशांना ठेवलेली बाटली यांत ३० अंशांचं अंतर, म्हणजे वेग दोनाच्या तिसऱ्या घाताइतका, आठपट. आपल्या एका मे महिन्यात बाटली तळघरातले आठ महिने जगून घेते, आणि ते धडपणे मुरणं नसतं, ते शिजणं असतं. आम्ही २०१३ ची चव घेतलीच नव्हती. आम्ही धंतोलीच्या उन्हाची चव घेतली आणि दोष नाशिकच्या बागेला लावला.

शिवाय काचेच्या पेल्यांत रंगही दिसत होता. वेगळा पेला ओळखायला जीभ लागलीच नाही, डोळ्यांनी काम केलं. रंग माणसाला किती फसवतो याचा बोर्दोमधलाच एक प्रसिद्ध प्रयोग आहे. मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दियु या तिघांनी तो २००१ मध्ये प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन दिली, तीत बिनवासाचा लाल रंग मिसळलेला. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन केलं ते रेड वाइनच्या शब्दांत. शिकलेली मंडळी ही, आपली काय कथा.

म्हणून फेब्रुवारीत दुसरी फेरी घेतली. या वेळी त्याच दोन सालांच्या बाटल्या वायनरीच्या गार तळघरातून थेट आणल्या, थंडीच्या दिवसांत. आणि पेले स्टीलचे, घरातले पाणी प्यायचे. वाइनच्या शौकिनांना हे बघवणार नाही, पण स्टीलच्या पेल्यात रंग कळत नाही, आणि हवं ते तेवढंच. पेले देण्याआधी बाटल्या अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्या. रेड वाइन 'रूम टेम्परेचर'ला द्यावी म्हणतात, ती रूम युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्या खोलीच्या तापमानाला दिली तर नुसता अल्कोहोलचा भपकारा येतो.

या वेळी बारांपैकी नऊ जणांनी वेगळा पेला ओळखला. अकरांपेक्षा कमी, पण या नवांना आमच्या लेखी जास्त किंमत आहे. म्हणजे फरक होता. वर्णनं मात्र पार बदलली. २०१३ ला आता लोक 'भरलेली', 'घट्ट', 'गालाच्या आत आवळते' म्हणाले. २०१४ ला 'हलकी', 'आंबटसर', 'थोडी हिरवी', म्हणजे कच्च्या देठासारखा वास असलेली. नवांपैकी सहांना २०१३ आवडली. सहा विरुद्ध तीन यावरून कुठलंही साल थोर ठरत नाही, हे आम्हीच सांगतो. आणि वयाचा फरक या फेरीतही शिल्लक होताच, तो काढायचा तर २०१३ ची बाटली २०१६ मध्ये आणि २०१४ ची २०१७ मध्ये प्यायला हवी, आणि मग जीभ पहिली चव विसरून जाते. पण दुष्काळी सालाची घट्ट वाइन आणि घाईच्या तोडणीची आंबट वाइन, ही अपेक्षा निदान खोटी ठरली नाही.

जुळ्यासारख्या सालांची तुलना जगभर चालते. बोर्दोची २००९ आणि २०१० ही गाजलेली जोडी. २००९ चं साल उबदार, वाइन मऊ आणि फळांनी भरलेली. २०१० कोरडं पण रात्री गार, म्हणून आंबटपणा टिकला आणि टॅनिन कडक. त्या जोडीवर लोक तासन्‌तास वाद घालू शकतात, कारण बाटल्या तळघरातच असतात, पत्र्याखाली नाही. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, वायनऱ्या उभ्या राहिल्या. शेतापासून वायनरीपर्यंतची गार साखळी पुष्कळ सुधारली. वायनरीपासून विदर्भातल्या फळीपर्यंतची मात्र दुकानागणिक वेगळी आहे.

शेवटी त्याच काकांनी हात वर केला. "मंग दुकानदाराले काय इचारू? साल?" साल विचाराच, पण आधी विचारा की बाटली दुकानात कधी आली आणि कुठं ठेवली होती. बूच काचेच्या कडेला समपातळीत आहे का, बोट फिरवून बघा. मान चिकट असेल तर परत ठेवा. फिरकीचं झाकण असेल तर ही खूण मिळत नाही, मग एसी असलेलं दुकान बरं. आणि रोजच्या पिण्याची वाइन असेल तर शक्यतो होळीच्या आत संपवा. मे महिन्यासाठी साठवायचीच असेल, तर फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. काकूंना आधी विचारून.