पाय कापल्यानंतरचा धोका

पायाच्या धमन्या चरबीच्या थरांनी अरुंद होत गेल्या की पावलापर्यंत रक्त पोचेनासे होते, जखमा भरत नाहीत, गँगरीन पसरते आणि शेवटी पाय कापावा लागतो. चेन्नईच्या एका लोकसंख्या अभ्यासात (2000) घोट्याजवळचा रक्तदाब दंडापेक्षा ठरावीक प्रमाणाहून कमी भरला, तर हा आजार धरला गेला. मधुमेहींमध्ये तो 6.3 टक्के, तर साखर सामान्य असलेल्यांमध्ये 2.7 टक्के आढळला. मधुमेहाने नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे अनेकांना दुखणे कळतच नाही.

शस्त्रक्रियेनंतर वर्षभरात ढोबळमानाने एक-तृतीयांश रुग्ण दगावतात, पाच वर्षांत निम्म्याहून अधिक, असे जगभरची आकडेवारी सांगते. बहुतेक कर्करोगांहूनही हे प्रमाण वाईट आहे, तरी त्याची तितकी चर्चा होत नाही. मृत्यूचे मोठे कारण म्हणजे हृदयविकार. पायातला तोच थर हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचलेला असतो. त्यात भूल, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा ताण पडतो. न्यूमोनिया, मूत्रपिंडे निकामी होणे आणि शिरांत रक्ताची गुठळी होणे हे धोकेही असतात.

गुडघा वाचवण्यासाठी सर्जन धडपडतात, कारण गुडघ्यावरून कापल्यास कृत्रिम पायाने चालायला फार जास्त शक्ती लागते, आणि दुबळ्या हृदयाला ती झेपत नाही. पण गुडघ्याखालच्या कातडीला रक्त पुरले नाही तर टाके काळे पडतात आणि पुन्हा वरून कापावे लागते. घरच्यांनी मायेने उरलेल्या पायाखाली उशी ठेवली, तर गुडघा वाकलेलाच आखडतो. मग कृत्रिम पाय नीट बसत नाही. चेन्नईत के. के. नगरच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत असे पाय बसवले जातात. व्यायाम मात्र त्याआधीच, पहिल्या दिवसांपासून हवेत.

डिस्चार्जच्या कागदावर जखमेच्या ड्रेसिंगइतकीच ठळकपणे स्टॅटिन, रक्त पातळ ठेवणारी गोळी, साखरेवर नियंत्रण आणि तंबाखू सोडणे लिहिलेले असायला हवे. दुसऱ्या पायावर आता सगळा भार येतो, आणि त्याच्याही धमन्या आजारीच असतात. रोयापुरमच्या एम. विश्वनाथन मधुमेह रुग्णालयातल्या 2005 च्या अभ्यासात, पायांच्या काळजीचा सल्ला काटेकोर पाळणाऱ्यांच्या जखमा अधिक प्रमाणात भरल्या आणि त्यांना शस्त्रक्रियाही कमी लागल्या.